कागद नसलेलं कार्ड: वायफायचा ड्रायव्हर मापं घेऊन कसा लिहितात

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची गडहिंग्लजहून कोल्हापूरला आली, ती वायफायचा एक नवा डोंगल घेऊनच. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप जुना, त्यावर लिनक्स, आणि आतलं वायफाय बंद पडलेलं. म्हणून मी वापरतो तोच डोंगल तिने मागवला होता. खोकं तेच, मॉडेल नंबर तोच, किंमतही तीच. माझा लावला की दोन सेकंदांत घरचं नेटवर्क दिसतं. तिचा लावला की लॅपटॉपला वाटतं, पेन ड्राइव्ह लागला.

"मामा, खराब आलाय का हा?"

खराब नव्हता. लिनक्समध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की लावलेल्या प्रत्येक वस्तूपुढे चार-चार अंकी दोन आकडे दिसतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. खोक्यावरचं नाव विकणारा ठरवतो, पण संगणक वस्तू ओळखतो ती या आकड्यांवरून. दोन्ही डोंगलचे आकडे वेगळे निघाले. खोकं उलटं करून पाहिलं तर तळाला बारीक अक्षरात 'व्ही२' छापलेलं. मधल्या काळात आतली चिपच बदलली होती, मॉडेल नंबर मात्र तोच ठेवला होता.

पेन ड्राइव्हचा प्रकारही समजून घेण्यासारखा आहे. असे बरेच डोंगल सुरुवातीला स्वतःला डिस्क म्हणून दाखवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच साठवलेला असतो. 'डिस्क बाहेर काढ' अशी आज्ञा मिळाली की ते रूप बदलतात आणि नव्या आकड्यानिशी वायफाय कार्ड म्हणून हजर होतात. लिनक्समध्ये यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचं साधन आहे. ते चालवलं आणि कार्ड समोर आलं. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, त्या आकड्यासाठी ड्रायव्हर नव्हता. बनवणाऱ्याच्या साइटवर विंडोजचा ड्रायव्हर होता, चिपबद्दल एक पानही नव्हतं.

अशा वेळी लोक ड्रायव्हर लिहितात कसा? ती सुट्टी आम्ही यातच घालवली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि चिप यांच्यातला दुभाष्या. चिपच्या आत शेकडो छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्याला एक पत्ता असतो आणि त्यात एक संख्या मावते. अमुक पत्त्यावर अमुक संख्या लिहिली की रेडिओ सुरू होतो, दुसऱ्या पत्त्यावर लिहिली की चॅनल बदलतो, तिसरा पत्ता वाचला की पाकीट, म्हणजे हवेतून येणारा माहितीचा छोटा तुकडा, आलं का ते कळतं. कुठल्या पत्त्याचा अर्थ काय, आधी काय लिहायचं, मग किती थांबायचं, हे ज्या पुस्तिकेत असतं तिला आपण 'कागद' म्हणू. तो हातात असेल तर काम कष्टाचं असतं, पण रस्ता दिसत असतो. नसेल तर समोर नुसते पत्ते असतात, पाटी न लावलेल्या घरांसारखे.

सगळं काम ड्रायव्हरच करतो असंही नाही, आणि हे आधी समजलं तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो. वायफायमध्ये एखादं पाकीट नीट मिळालं की मिळवणाऱ्याने लगेच पोच द्यायची असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ही पोच १० मायक्रोसेकंदांनी निघावी लागते, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागात. आता यूएसबी २ बघा. तिचा स्वतःचा ठेकाच १२५ मायक्रोसेकंदांचा आहे. पाकीट आल्याची बातमी संगणकापर्यंत पोचेस्तोवर पोचेची वेळ कधीच टळून गेलेली असते. म्हणून हे काम चिपने स्वतःच करायचं असतं. बऱ्याच कार्डांत त्यासाठी एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. दुसऱ्या टोकाला, नेटवर्कला जोडून घेणं, पाकिटं क्रमाने लावणं, वेग ठरवणं अशी सगळ्या कार्डांना सारखीच लागणारी कामं लिनक्समध्ये मॅक८०२११ नावाचा भाग करतो. तो जुलै २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ आवृत्तीत आला. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर हे सगळं आपापलं घेऊन यायचा. आज नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे फक्त मधला पट्टा उरतो: फर्मवेअर चिपमध्ये चढवायचं, रजिस्टरं योग्य क्रमाने भरायची, पाकिटांची ने-आण करायची.

कंपन्या कागद का देत नाहीत? एक कारण नियमांचं सांगतात. वायफाय कार्ड हा रेडिओ प्रक्षेपक आहे. शक्ती आणि वारंवारता लोकांच्या हाती दिली तर कुणीही मर्यादा ओलांडेल, ही भीती. दुसरं कारण स्पर्धकांचं. तिसरं फारसं कुणी बोलून दाखवत नाही: पुष्कळदा बाहेर देण्यासारखा नीट कागद कंपनीत तयारच नसतो. चिप करणाऱ्यांनी आपल्याच ड्रायव्हरवाल्यांना तोंडी सांगितलेलं, ईमेलमध्ये विखुरलेलं, चुकांच्या यादीत दडलेलं असं ते ज्ञान असतं. मला स्वतःला पहिलं कारण अपुरं वाटतं. मर्यादा चिपमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये घालता येतात आणि बाकीचा कागद खुला ठेवता येतो. तसं करणाऱ्या कंपन्या झाल्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

भाचीला मी शिवाजी उद्यमनगरात घेऊन गेलो. आमचे ओळखीचे तात्या तिथे गेली कित्येक वर्षं लेथ चालवतात. त्यांच्याकडे परदेशी मशीनचे तुटके पार्ट येतात. ड्रॉइंग नसतं, कंपनी पार्ट देत नाही किंवा सहा महिने लावते, आणि गिऱ्हाइकाला आठवड्यात मशीन चालू हवं असतं. त्या दिवशी टेबलावर एक बुश होता. तात्यांनी व्हर्निअर भाचीच्या हातात दिला आणि मापं घ्यायला लावली. तिने सगळी मापं वहीत टिपली.

"मापं घ्यायला कुनालाबी येतंय," तात्या म्हणाले. "कुठलं माप शाफ्टला लागतंय आनि कुठलं नुसतं दिसायला हाय, त्ये कळाय पायजे. आनि ह्यो बुश झिजलाय. झिजल्याला मापला तर झिजलेलाच बुश करशील, पोरी."

या दोन वाक्यांनी पुढच्या आठवड्यात आम्हाला दोनदा वाचवलं.

आता मापं घ्यायची कशी? चालणारा ड्रायव्हर आपल्याकडे एकच आहे, विंडोजचा. लिनक्सवर एक आभासी संगणक तयार करून त्यात विंडोज चालवायचं आणि डोंगल त्या विंडोजच्या ताब्यात द्यायचा. विंडोजचा ड्रायव्हर डोंगलशी जे काही बोलतो ते सगळं लिनक्सच्या हातून जातं. यूएसबीमॉन ही कर्नलमधली सोय त्याची ओळन् ओळ नोंदवते आणि वायरशार्क या अशा नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती वाचता येते. संगणकाच्या आत थेट बसणाऱ्या पीसीआय कार्डांसाठी हेच तत्त्व वापरतात, हत्यार तेवढं वेगळं. लिनक्सचाच बंद ड्रायव्हर असेल तर त्याचे रजिस्टरचे व्यवहार नोंदवायला एमएमआयओट्रेस आहे. तो ग्राफिक्स कार्डांचा ड्रायव्हर असाच मापं घेऊन लिहिणाऱ्या नूवो प्रकल्पातून आला आणि २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२७ आवृत्तीत दाखल झाला.

पहिली नोंद उघडली तेव्हा हजारो ओळी होत्या. पत्ता, किंमत, पत्ता, किंमत; किंमत म्हणजे त्या पत्त्यावरची संख्या. डोळ्यांनी वाचून त्यातून काहीच निघत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही डोंगल चॅनल १ वर ठेवून नोंद घेतली, मग ६ वर, मग ११ वर, बाकी सगळं तसंच ठेवून. वायफायच्या या पट्ट्यात चॅनल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्‌झ, आणि १३ पर्यंत दर चॅनलला ५ मेगाहर्ट्‌झची भर. तिन्ही नोंदी शेजारी ठेवून जिथे फरक आहे तेवढ्याच ओळी काढल्या. बहुतेक ओळी सारख्याच. मोजक्या ठिकाणी आकडे वेगळे, आणि त्यातल्या एका पत्त्यावर किमतीची शेवटची दोन स्थानं अशी: ०१, ०६, ०बी. षोडशमान पद्धतीत बी म्हणजे ११. भाची खुर्चीवरून उठलीच.

पण तोच पत्ता धरून आम्ही चॅनल ३ लिहिला, तेव्हा चॅनल ३ वर काही ऐकू येईना. तात्यांचं पहिलं वाक्य इथे कामी आलं. त्या किमतीत एकूण ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ ची स्थानं, होती. चॅनल सांगणारे त्यातले आठ. उरलेल्या २४ पैकी काही पट्टीची रुंदी ठरवत असणार, काही नुसते पूर्वीचेच जपून ठेवलेले. नोंदीत दिसते ती शेवटी लिहिलेली संख्या. त्यातला कुठला बिट मुद्दाम लिहिला आणि कुठला जसा होता तसा परत ठेवला, हे नोंद सांगत नाही. त्यासाठी थोडं वर सरकून बघावं लागतं: लिहिण्याआधी ड्रायव्हरने तोच पत्ता वाचला होता का? वाचला असेल तर त्याने जुनी किंमत घेतली, त्यातला थोडा भाग बदलला आणि परत ठेवली. आम्ही मात्र सगळे २४ बिट शून्य करून बसलो होतो.

असाच एक घोटाळा सुरुवातीच्या भागात होता. नोंदीत ड्रायव्हर एक पत्ता लागोपाठ ४१ वेळा वाचतो. नवख्या माणसाला वाटतं, ४१ वेळा वाचणं हा काही मंत्र आहे, आणि तो आपल्या ड्रायव्हरमध्ये ४१ वेळा वाचून मोकळा होतो. पुन्हा नोंद घेतली तर ३८ वेळा. दोन्ही वेळी शेवटच्या वाचनात एक बिट ० चा १ झालेला. म्हणजे ड्रायव्हर विचारत होता: "झालं का? झालं का?" फर्मवेअर सुरू व्हायची तो वाट बघत होता. योग्य ओळ अशी लिहायची: तो बिट १ होईपर्यंत वाचत राहा, ठरावीक वेळेत झाला नाही तर चूक कळवून थांब. एकच नोंद बघून लिहिलेले ड्रायव्हर एका संगणकावर चालतात आणि दुसऱ्यावर लटकतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

झिजलेल्या बुशची गोष्ट यापेक्षा खोल आहे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपही रेडिओच्या बाबतीत तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून कारखान्यात प्रत्येक कार्ड तपासून त्याच्या दुरुस्तीचे आकडे त्याच कार्डातल्या छोट्या कायमच्या साठ्यात कोरून ठेवतात: कुठल्या चॅनलला शक्ती किती वाढवायची, स्फटिकाची वारंवारता किती सरकवायची. ड्रायव्हर सुरू होताना हा साठा वाचतो आणि त्यावरून रजिस्टरं भरतो. तुम्ही नोंदीतले आकडे जसेच्या तसे उचलले तर एका विशिष्ट कार्डाचं माप सगळ्या कार्डांच्या गळ्यात बांधता. शक्तीच्या बाबतीत तर हे नियमभंगापर्यंत जाऊ शकतं. आकडा साठ्यातून कसा निघतो ते कळेपर्यंत तो आकडा आपला नाही.

वागणूक बघण्याचा रस्ता इथवर नेतो. दुसरा रस्ता म्हणजे बंद ड्रायव्हरच उघडून त्याचा यंत्रसंकेत वाचणं. त्यासाठी आज घिड्रासारखी मोफत हत्यारं आहेत, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ते २०१९ मध्ये खुलं केलं. पण इथे कॉपीराइटचा प्रश्न येतो. दुसऱ्याचा कोड वाचलेल्या माणसाच्या हातून तोच कोड पुन्हा उतरण्याची शक्यता असते. यावरचा तोडगा म्हणजे मधे भिंत घालणं. ब्रॉडकॉम या चिप कंपनीच्या कार्डांसाठी हे ज्या शिस्तीने झालं ते मला या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं. कंपनीचा कागद नव्हता. एका गटाने बंद ड्रायव्हर वाचला आणि चिप काय करते याचं वर्णन साध्या शब्दांत लिहून काढलं. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर कधीच पाहिला नाही, फक्त वर्णन वाचून नवा कोड लिहिला. हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ मध्ये आला, आणि मॅक८०२११ वर नव्याने बसवलेलं त्याचं रूप, बी४३, जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ सोबत. तरी एक गाठ उरली. फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, ते वाटायची परवानगी नाही. म्हणून एक छोटा प्रोग्राम दिला गेला, जो कंपनीच्याच ड्रायव्हरमधून वापरणाऱ्याच्या संगणकावर फर्मवेअर कापून काढतो. पुढे इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातून काही ब्रॉडकॉम चिपसाठी खुलं फर्मवेअरही आलं. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतःच आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हे भाचीनेच विचारलं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये याची तरतूद आहे. प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती मिळवण्यासाठी केलेली आवश्यक कृती हा भंग ठरत नाही, पण ती माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तरच. प्रोग्राम कसा वागतो याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी यांनाही तिथेच मुभा आहे. कोड उचलून आपला म्हणून लावायला मात्र नाही. म्हणून आम्ही ड्रायव्हर उघडलाच नाही, वागणुकीवरच राहिलो.

अर्धा कागद मिळतो तेव्हाची परिस्थिती वेगळीच. पुष्कळ कंपन्या कोडचा एक गठ्ठा टाकून देतात. तो एखाद्या जुन्या कर्नलसाठी लिहिलेला असतो, मॅक८०२११ न वापरता सगळं स्वतःच करतो, आणि मधे नुसत्या आकड्यांचे तक्ते असतात, त्यावर एका शब्दाचीही टीप नाही. तो चालतो, पण कर्नल बदलला की मोडतो. तरीही हा गठ्ठा सोन्यासारखा आहे, कारण त्यात रजिस्टरांची नावं असतात. पत्त्याला नाव मिळालं की निम्मा अर्थ कळतो. रिअलटेक या चिप कंपनीच्या यूएसबी कार्डांसाठी असा जुना कोड संदर्भाला ठेवून मॅक८०२११ वर ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला.

एथेरॉस या चिप कंपनीची वाट आणखी निराळी. मॅडवायफाय या त्यांच्या कार्डांच्या ड्रायव्हरचं बाहेरचं कवच खुलं होतं, पण चिपशी बोलणारा मधला गाभा बंद. ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या खुल्या प्रणालीत त्या गाभ्याला पर्याय लिहिला गेला, त्याच्या आधारावर लिनक्सचा एटीएच५के ड्रायव्हर एप्रिल २००८ मध्ये आला. त्याच वर्षी कंपनीने पुढच्या चिपसाठी एटीएच९के हा ड्रायव्हर स्वतः खुला केला आणि पाठोपाठ जुन्या गाभ्याचा कोडही दिला. बाहेर चांगलं काम उभं राहिलं की कंपन्या दार उघडतात, असं मला यातून वाटतं.

प्रक्षेपणाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्‌झचे मोठे भाग २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात, पण शक्तीच्या मर्यादेत. ५ गिगाहर्ट्‌झमधल्या काही चॅनलवर रडारही असतात, तिथे रडार ऐकू आलं की कार्डाने जागा सोडायची असते. अर्धवट ड्रायव्हर हे काहीच पाळत नाही. म्हणून आधी फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. बोलायची वेळ आली की अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड, म्हणजे लहरी हवेत न सोडता जिरवणारा रोध, लावायचा किंवा केबल आणि लहरींची शक्ती कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर वापरून दोन कार्डं एकमेकांना जोडायची. हवेत काहीही सोडायचं नाही.

ऐकणं हाच पहिला मैलाचा दगड असतो. प्रत्येक राउटर सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपली ओळख सांगणारं एक छोटं पाकीट हवेत सोडतो. ते दिसलं की रेडिओ, चॅनल आणि येणाऱ्या पाकिटांचा रस्ता असे तीनही भाग जागेवर आहेत असं समजायचं. भाऊबीजेच्या आदल्या रात्री पावणेबारा वाजता आमच्या पडद्यावर शेजारच्या घराच्या नेटवर्कचं नाव उमटलं. मग दुसरं, मग आमचं. पाठवणं अजून जमलेलं नाही.

या सगळ्यासाठी आम्ही एक वही केली होती, चार रकान्यांची: पत्ता, लिहिलेली किंमत, प्रत्यक्ष दिसलेला परिणाम, आमचा अंदाज. तिसरा रकाना निळ्या पेनाने, चौथा पेन्सिलने. जे पाहिलं नाही ते निळ्यात लिहायचं नाही, हा नियम भाचीने घातला. कोड उद्या कुणीही नव्याने लिहील, पण ही वही असेल तर त्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.

गडहिंग्लजला परत गेल्यावर तिने मैत्रिणीकडून तसाच 'व्ही२' डोंगल मिळवला आणि सगळ्या नोंदी नव्याने घेतल्या. परवा रात्री तिचा फोन आला. "मामा, वही काढा. पान ९. सातवी ओळ. ती किंमत हिच्या डोंगलवर वेगळी येते. आपण ती निळ्यात लिहिलीय."